आत्याबाईंचं घबाड

लग्न होऊन मी बाभुळगावला आले तेव्हा दारातच थबकले. लाजून नव्हे, पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून. दोन खोल्यांचं घर आणि त्यात आढ्यापासून जमिनीपर्यंत वस्तू. दोऱ्यांत ओवलेली बटणं तोरणासारखी लटकलेली, खुंटीखुंटीला फण्या, फळ्यांवर जोडवी, भिंगऱ्या, अडकित्ते, चाकूच्या मुठी, एका पायाची बाहुली, आणि काचेच्या बरणीत कुणाचा तरी एक दात. मी यवतमाळची, सातवी झालेली, घर आरशासारखं ठेवणाऱ्या आईची लेक. मला वाटलं, मागच्या दारानं पळून जावं. मागच्या दाराशी चाकं ठेवलेली होती.

हे सगळं माझ्या सासूबाईंचं, कौसल्याबाईंचं. आम्ही सुना सासूला आत्याबाई म्हणतो. आत्याबाई गावातल्या जिनिंगच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, कापूस निवडायच्या. दिवाळीनंतर खेड्यापाड्यांतून कापसाच्या बैलबंड्या यायच्या, हमाल गाठोडी उचलून बायांसमोर ढीग टाकायचे, आणि बाया त्यातली पत्ती, काड्या, किडका कापूस वेगळा काढायच्या. मग तो सरकी काढायच्या मशीनवर जायचा. आता शेतात वेचणाऱ्या बाईच्या ओटीत कापसाबरोबर काय काय पडत असेल याला धरबंध नाही. निवडताना ते हाती लागायचं. एकदा सोन्याचा मणी निघाला तर आत्याबाईंनी तो मुकादमाच्या हातावर ठेवला आणि जिची वस्तू ती बाई येईपर्यंत त्याला जेवण गोड लागू दिलं नाही. सोनं ज्याचं त्याला, बाकी सगळं आपलं, असा त्यांचा कायदा.

घरात एकच देवळी मोकळी होती. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यांनी देव बेंबळा नदीत सोडले आणि त्या देवळीत बुद्धाची तसबीर नि बाबासाहेबांचा फोटो ठेवला. तिथं एक बटणसुद्धा ठेवायची बंदी होती. माझे यजमान, शाळामास्तर, तोवर नुसते धर्मा होते. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं वहीवर धर्मपाल लिहिलं. घरातल्या पसाऱ्याबद्दल मात्र ते कधी चकार शब्द काढत नसत. मास्तर लोक दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावण्यात दमून जातात.

माझ्या बाजूनं एकच माणूस होतं, सासरे, डोमाजी. मी त्यांना मामाजी म्हणायची. तेही त्याच जिनात हमाल. गडी मितभाषी. पण रोज संध्याकाळी हातपाय धुऊन उंबरठ्यावर आले की म्हणायचे, "हे घर हाय का कबाडखाना?" जिनाचा भोंगा चुकेल, पण हे वाक्य चुकायचं नाही. मला तेवढाच आधार. आम्ही दोघं एका बाजूला, आत्याबाई एकट्या दुसऱ्या बाजूला, आणि राज्य त्यांचंच.

आत्याबाईंच्या नजरेचा जिनात मोठा दबदबा होता. कापसात लोखंडाचा तुकडा राहून मशीनमध्ये गेला तर ठिणगी उडते, आणि कापसात ठिणगी म्हणजे पुढचं सांगायला नको. म्हणून मुकादम दुसऱ्या बायांनी निवडलेला कापूसही वरचेवर त्यांना दाखवायचा. "कौसल्याच्या नजरेतून सुई बी सुटत नाई," असं लोक म्हणायचे, आणि हे ऐकलं की आत्याबाई पदर सारखा करायच्या. त्यांना एवढाच एक गर्व होता.

त्रेसष्ट सालच्या पौषात मामाजी गेले. भर दुपारी जिनात गाठोडं उतरवलं, ढिगाला टेकून बसले, आणि शेजारच्या कांताबाईला म्हणाले, "थोडं पानी दे वं." कांताबाई आत्याबाईंच्या शेजारी बसून कापूस निवडायची, आमची घरंही लागूनच. ती पाणी घेऊन आली तोवर मामाजी नव्हते.

जुनी तेरवी आम्ही सोडली होती आणि नव्या रीतीत नेमकं काय काय करायचं ते गावात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. यजमानांनी पुस्तिकेतून वंदना म्हटली, लोक बसले, उठले, गेले. जुन्या रीतीतलं काही मी मागत नाही, पण त्यात बाईच्या हाताला काम असायचं. आत्याबाईंच्या हाताला काहीच राहिलं नाही. त्या भिंतीला टेकून बसायच्या. जिनात जाईनात, बोलेनात. अर्धी भाकर ताटात टाकली तर त्यातली अर्धी उरायची. महिना झाला. मला खरोखर भीती वाटायला लागली की मामाजींच्या मागोमाग याही जातात.

आणि एका सकाळी त्या बोलल्या. "नलू, पोते आन."

"कायले आत्याबाई?"

"हे भरू. तीस वर्स ते म्हनत होते, घराचा कबाडखाना केला म्हून. म्या आयकलं नाई. आता तरी त्यायचं आयकावं. देव सोडले तसं हे बी बेंबळेत सोडू."

दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते चालून आलं होतं. मी पोतं धरलं, पण माझे हात काही चालेनात. बटणांचं तोरण उतरवलं तर मागे भिंतीवर त्याचीच पांढरी रेघ उमटलेली. यजमान म्हणाले, "नदीत कचरा टाकू नये," आणि शाळेत निघून गेले. कांताबाई पोतं उचलायला मदतीला आली. दुपारपर्यंत दीड पोतं भरलं. घर जसजसं रिकामं होत गेलं तसतशा आत्याबाई मला लहान लहान दिसायला लागल्या. शेवटी मी स्वतःवरच चिडले. हवं होतं ते मिळतंय, मग रडू कशाचं येतंय?

तो बाजाराचा दिवस होता. पोत्याचं तोंड बांधणार तेवढ्यात दारात बिजलीबाई उभी. तांड्यावरची बिजलीबाई बाजारात मणी, फण्या, लाकडी खेळणी विकायची. महिना-दीड महिना ती फुलसावंगीकडे लेकीकडे होती, तिला आजच कळलं होतं. डोक्यावरचं गाठोडं उतरवून तिनं आत्याबाईंना कवटाळलं आणि आपल्या रीतीनं गळा काढून रडली. आत्याबाई नुसत्या बसून राहिल्या. डोळे पुसता पुसता बिजलीबाईची नजर पोत्यात गेली. तिनं हात घालून एक लाकडी राघू बाहेर काढला.

"हा तं माहा राघू."

"तुहा कुठचा?" आत्याबाई म्हणाल्या. "मले कापसात सापडला."

"कापसात? बाई, म्याच रंगवला. चोचीचा लाल रंग सरला म्हून अर्धीच चोच लाल हाय, पाय." तिनं परत हात घातला. "अन् हे फनी. अन् हे लाखेची चिमनी. डोमाजीदादा सीझन लागला की बाजाराले येये अन् एखादा नग घेऊन जाये. म्या इचारे, दादा, तुले पोरी किती? तं नुसता हासे."

आत्याबाईंसमोर रोज कापसाचा ढीग कोण टाकायचं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी कांताबाईकडे पाहिलं. कांताबाई आढ्याकडे पाहू लागली.

"कांते, तुले ठाऊक होतं?"

"साऱ्या जिनाले ठाऊक होतं, माय. मुकादमाले बी. तुले सांगाचं नाई अशी आन घातली होती भाऊजीनं." आता सुटलंच आहे म्हटल्यावर कांताबाईनं बाकीचंही सांगून टाकलं. "ढीग टाकता टाकता सारून देत. पन लोखंडाचं कधी काही टाकलं नाई हो. लाकूड, लाख, काच, बस. म्हनत, एखाद्या टायमाले तिची नजर चुकली तं जिन जळन."

आत्याबाईंनी हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि ताडकन उठल्या.

"माही नजर चुकन?"

खुंटीवर मामाजींचा खाकी कोट होता. आत्याबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काहो धर्माचे बाबा, माही नजर चुकन? तीस वर्सात चुकली का? सांगा. अन् रोज कबाडखाना, कबाडखाना म्हनून माहा जीव खाल्ला, अन् कबाड कोन भरत होतं? लोकाईले ठाऊक, मुकादमाले ठाऊक, अन् मीच तेवढी येडी? राघू सापडला म्हून म्या साऱ्या जिनाले दाखवला, तवा तुमी तोंडावर दुपट्टा धरून खोकलत होते. आता समजलं कायचा खोकला होता तो."

कोट बिचारा काय बोलणार. आत्याबाईंनी त्याची पार सालं काढली. महिनाभरात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. आता तो ऐकून रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. बोलता बोलता कुठंतरी त्यांना रडू फुटलं, आणि रडता रडता मध्येच हसू. मग त्या खाली बसल्या, नाक पुसलं आणि मला म्हणाल्या, "नलू, भाकर आन. भांडाले ताकद लागते."

त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी चुलीपुढे बसून पदरात तोंड खुपसून रडले, आनंदानं.

पोती पुन्हा उलटी केली. आता वस्तू लावायची नवी रीत ठरली. लोखंड, पितळ, पत्रा असेल ते कापसाचं. लाकूड, लाख, काच असेल ते मामाजींचं. काही वस्तूंवरून कांताबाईशी वाद झाले, ते दोन दिवस चालले. मामाजींच्या वस्तू समोरच्या फळीवर ओळीनं बसल्या, आणि ओळ लागल्यावर आत्याबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. कुठली वस्तू कधी सापडली ते त्यांना पाठ होतं. "हे फनी सापडली ते माह्या मायच्या मातीवरून आल्यावर. हा भवरा, आमचं मोठं भांडन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी." लाखेची चिमणी हातात घेऊन त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. माझं पहिलं पोट पडलं होतं तेव्हा त्यांनी ही चिमणी आणून माझ्या उशाशी बांधली होती. मी मनात म्हटलं होतं, आता इथंही कबाड. मामाजी सुनेशी असलं काही बोलणारे नव्हते. त्यांनी ते कापसात टाकलं होतं.

जाता जाता बिजलीबाई आणखी एक सांगून गेली होती. मामाजींनी शेवटच्या बाजाराला एक मोर नेला होता, लाकडाचा, बोटभर, मान हलणारा. त्यानंतर दोनच दिवसांत ते गेले. आम्ही कोटाचे खिसे पाहिले, पटक्याच्या घड्या उलगडल्या, पेटी पाहिली. मोर नव्हता.

"मंग तो कापसात हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी जिनात जाऊन बसल्या.

होळीपर्यंत कापूस चालला. मोर सापडला नाही. तो झाडलोटीत गेला असेल, नाहीतर रुईच्या एखाद्या गाठीत दबून दूरच्या गिरणीत पोचला असेल, असं यजमान समजावायचे. आत्याबाई ऐकून घ्यायच्या. पुढच्या दिवाळीनंतर ते म्हणाले, "माय, आता घरी बस." त्यावर उत्तर एकच, "एक बाकी हाय माहा." संध्याकाळी घरी आल्या की उंबरठ्यावरून कोटाला हजेरी द्यायच्या, "आज बी नाई सापडला. कुठं टाकला, काय मालूम." तक्रार करायच्या, पण जेवायच्या पोटभर.

मामाजींना वर्ष झालं त्या दिवशी मात्र कोटाला काहीच न सांगता त्या आत गेल्या. मला ते सहन होईना. पुढच्या बाजाराला मी मोर शोधला. बिजलीबाई आली नव्हती. दुसऱ्या एका दुकानात मिळाली ती पत्र्याची शिट्टी, निळ्या रंगाची. दुपारी मी आत्याबाईंची भाकर घेऊन जिनात जायची. त्या हात धुवायला उठल्या तशी मी शिट्टी त्यांच्या ढिगात खोलवर सारली. कांताबाईनं पाहिलं. ती आढ्याकडे पाहू लागली.

संध्याकाळी आत्याबाई आल्या, हातपाय धुतले, आणि शिट्टी माझ्यासमोर ठेवली.

"हे कोनाचं काम?"

"कापसातून निघाली असंन," मी चुलीत फुंकर घालत म्हटलं.

"पत्रा हाय, पोरी. जिन जाळाचं होतं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं ठाऊक असून मी नेमकं तेच विसरले होते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, पण बोलले ते खरंच होतं. "तुमच्या नजरेतून सुटन काय, आत्याबाई? म्हून टाकली."

आत्याबाईंनी पदर सारखा केला. मग कोटासमोर उभं राहून म्हणाल्या, "आयकलं का? सून काय म्हनते ते आयका." पत्र्याची वस्तू रीतीप्रमाणे कापसाच्या फळीवर जायला हवी होती. त्यांनी ती समोरच्या ओळीत, राघूच्या शेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन निघाल्या, उंबरठ्याबाहेर गेल्या आणि परत दोन पावलं आत आल्या.

"नलू, टाकशीन तं लाकडाचं टाकजो," त्या म्हणाल्या. "अन् मले दिसू देऊ नको."