आईचा चाकू सूर्यमाळला राहिला

शेवटी निघालोच. आई दोन वर्षं मागे लागली होती, सूर्यमाळला सखूला भेटायचंय म्हणून. आईची शिक्षिकेची पहिली नोकरी तिथल्या शाळेत, सखू तिथली स्वयंपाकीण. पाड्यावर एकट्या राहणाऱ्या बाईंना, म्हणजे आईला, तिने लाकडी मुठीचा घडीचा चाकू दिला. तो तीस वर्षं रोज आईच्या पर्समध्ये आहे. त्यापायी आमचं एक विमान चुकलंय, त्यामुळे मला त्याचं कौतुक जरा कमीच.

नाशिकहून त्र्यंबकमार्गे मोखाडा. पेट्रोल त्र्यंबकलाच भरा. घाटात खड्डे चुकवताना मी मेटाकुटीला आले आणि शेजारी आई चालत्या गाडीत पेरू कापत बसलेली! खोडाळ्याच्या बाजारात वडापाव खाल्ला, पाण्याचे कॅन घेतले. उन्हाळ्यात सूर्यमाळच्या लोकांनाच पाणी मिळत नाही, त्यांच्याकडे मागू नका.

सखूने आईला मिठीच मारली. आईने कौतुकाने चाकू पुढे केला, "बघ, अजून जपलाय."

सखूने मूठ निरखली. "बाई, हा त आमचा हरवलेला चाकू! तुला कैरी कापाया दिलता."

"अगं, तू मला भेट दिला होतास ना?"

"भेट कशाची? भावानं मूठ बसवलेली. मी जावेला चोर म्हनत आले की गं!"

शेजारच्या घरातून जाऊबाई तरातरा आल्या. "तीस वर्सं! लग्नात, पंगतीत, सगल्यांम्होरं चोर!" सखू मान खाली घालून उभी. आईचे डोळे भरले. तिने चाकू सखूकडे धरला, पण तो जाऊबाईंनीच घेतला. "आता हा माज्याकडंच ऱ्हाईल." मग सखूनेच जावेसाठी चहा ठेवला.

एवढ्यासाठी मी दिवसभर गाडी हाकली! मुक्काम जव्हारला, डेपोजवळच्या लॉजवर. गरम पाणी बादलीने, तेही तीनदा मागून. आई जेवली नाही. "कैरी मीच मागितली होती," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर पार्सलची दोरी कापायला तिने पर्स उघडली, चाचपली, मिटली. मला राहवेना. मोबाईलवर एकापेक्षा एक सुंदर चाकू दाखवले.

"हा कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? नवा आहे, कोणाचाच नाही."

"मग मी काय करू त्याचं?" असं म्हणून ती नखांनी गाठ सोडवत बसली. अर्धा तास.