खिळ्याने फुली मारलेलं ताट

१८ डिसेंबर. सकाळी साबण कापायला घेतला. आदल्या दिवशी ओतलेला साबण फार घट्ट झाला की सुरीखाली तुटतो, म्हणून हे काम मी कुणासाठी थांबवत नाही. मोठी जाऊ दारात येऊन उभी राहिली तरी थांबवलं नाही.

ती का आली ते मला माहीत होतं. तिच्या तान्ह्या नातवाचे गाल लाल होऊन फुटले होते. लहानपणी माझ्या मुलीचे हात असेच असायचे, खाजवून रक्त निघायचं.

तेव्हा हिच्या मुलाच्या साखरपुड्याची पंगत बसली होती, कोंढ्याहून मुलीकडचे पाहुणे आले होते. हिने माझ्या मुलीला पंगतीतून उठवून ओसरीच्या टोकाला बसवलं आणि वेगळं ताट दिलं. पुढे चुकून कुणी त्यात जेवू नये म्हणून सगळ्यांदेखत खिळ्याने काठावर फुली मारली. हा एक्झिमा आहे, कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मी तिथेच बोलले. ती म्हणाली, "डाक्टरले काय जाते? माह्या घरी लेकरं आहेत."

दुकानातला साबण मुलीला सोसत नव्हता, म्हणून मी करायला शिकले. तुमसरहून तांदळाच्या कोंड्याचं तेल आणते, थोडं खोबरेल घालते. कॉस्टिक सोडा किंचित कमी घालायचा, म्हणजे जरासं तेल साबणात शिल्लक राहतं. वास नाही, रंग नाही. कापलेल्या वड्या बांबूच्या टोपल्यात महिनाभर सावलीत ठेवायच्या. सुरुवातीचे घाणे फुकट गेले. पुढे जमलं.

माझ्याकडे मागावं लागू नये म्हणून जावेने शेजारणीला विचारून घरीच साबण केला होता. तोही जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. सोडा जर्मनला खातो, साबण काळपट झाला. ते झाकायला तिने हळद घातली, वर गुलाबाचं अत्तर. आणि आठवडाही जाऊ न देता लेकराला लावला. पदराआडून तिने ती वडी काढून दाखवली.

"मंग जास्तच झालं व. तुह्यासारखाच तं केला."

अंगणात धान पाखडायला आलेल्या दोघी बसल्या होत्या. दोघीही त्या पंगतीत होत्या. त्यांचे हात थांबले.

कुठल्याही घाण्याचा साबण अंगाला लावण्याआधी मी जिभेच्या टोकाला लावून बघते. सोडा मोकळा राहिला असेल तर लगेच चटका बसतो.

"जिभेले लावा, बाई," मी म्हटलं.

"काहून?"

"लावा तं."

तिने लावली आणि झटक्यात तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं. मी तांब्या पुढे केला.

"तुमच्या जिभेले सोसलं नाही. त्याच्या गालाले काय झालं असन?"

तिने अंगणाकडे तोंड करून चूळ भरली. मला बरं वाटलं, आणि ते मी लपवलं नाही. सगळ्या वड्या कापून होईपर्यंत तिला तशीच उभी ठेवली. मग सांगितलं की साबण म्हणजे औषध नाही, आधी लेकराला भंडाऱ्याला डॉक्टरकडे न्या, तोवर नुसतं कोमट पाणी. डॉक्टर हो म्हणाले तर माझा साबण देईन.

"पण घ्यायले याल तवा ते ताट आणजा."

कोणतं, हे तिने विचारलं नाही.

संध्याकाळी ती आली. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, बिनवासाचा सौम्य साबण थोडा चालेल म्हणाले होते. ताट पदराखाली होतं. मी तिला माझ्या ओसरीच्या टोकाला बसवलं आणि त्याच ताटात वरण-भात वाढला. मुलीलाही बाहेर बोलावलं. ती दाराला टेकून बघत राहिली. जावेने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवली. मग मी मागच्या महिन्याच्या मुरलेल्या दोन वड्या तिच्या हातावर ठेवल्या. ताट ठेवून घेतलं.

१९ डिसेंबर. सकाळी मी ते ताट राखेने घासलं, टोपल्यात न मावलेल्या वड्या त्यात मांडल्या आणि फुलीची बाजू रस्त्याकडे करून ओसरीच्या कठड्यावर ठेवलं.