रेघेपर्यंत पाणी

आमच्या शेजारचे ख्वाजाभाई मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देतात. केजच्या आसपास कुणाची विहिरीवरची मोटार जळाली की ती मोटारसायकलला बांधून त्यांच्याच दुकानात येते. साठीला टेकलेल्या या माणसानं समुद्र अजून पाहिलेला नाही. पण समुद्राचं पाणी घरात राखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या जिल्ह्यात कुणी नव्हता. ते पाणी माझ्या हातून बिघडलं, म्हणून हे मलाच सांगायला पाहिजे.

अलमास त्यांची एकुलती एक लेक. शाळेत विज्ञानाला माझ्याकडे होती. तास संपल्यावरही माझ्या मागं मागं येऊन प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर तोंडावर सांगायची. पुढं समुद्रातल्या वनस्पती शिकायला ती रत्नागिरीला गेली. एका ईदला घरी येताना तिनं काचेची टाकी, खास मिठाची पिशवी आणि एका बाटलीत बोटभर हिरवी फांदी आणली. फांदीला बारीक मण्यांचे घोस होते.

"अब्बा, तुमी काय दुकान सोडत न्हाईत," ती म्हणाली, "म्हनून मीच आनलाय समुद्र."

घरात सगळे त्याला द्राक्षं म्हणायचे. पुढच्याच पावसाळ्यात वसतिगृहात काविळीचं निमित्त झालं आणि अलमास गेली. बावीस वर्षांची होती. भिंतीला भिंत लागून घर, तरी त्या दिवशी त्यांच्या उंबऱ्याच्या आत जायला मला दोन तास लागले.

मागं राहिली ती टाकी आणि अलमासनं बापासाठी लिहून ठेवलेली एक वही. ख्वाजाभाई त्या वहीबरहुकूम चालायचे. सुरुवातीला त्यांनीही चूक केली. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते मिठाचंच पाणी ओतायचे. घोस सुकायला लागले, तेव्हा वहीत सापडलं: 'पाणी उडतं, मीठ उडत नाही. कमी झालेलं पाणी गोड्यानंच भरायचं.' मग त्यांनी अलमासच्या नेलपॉलिशनं काचेवर लाल रेघ ओढली आणि त्यांच्या पत्नी आमिनाभाभी रोज सकाळी जारमधलं गोडं पाणी त्या रेघेपर्यंत भरायला लागल्या. आमच्याकडं नळाला दहा दिवसांनी पाणी येतं. आम्ही पाण्याच्या घोटाघोटाचा विचार करतो, आणि ही दोघं ते टाकीत ओतायची. गल्ली हसायची. मीही हसायचो.

"ख्वाजाभाई, तुम्ही शेवाळाला जेवढं जपता तेवढं बायकोला जपलं असतं तर तिनं बाळसं धरलं असतं," मी म्हणायचो.

"तिला जपायला तिचे भाऊ हायेत, सर," ते म्हणायचे. "ह्याला कोन हाय?"

पाणी हलतं ठेवायला त्यांनी कूलरचा पंप बसवला होता. मे महिन्यात बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडायचे. दिवसाचे आठ तास वर ट्यूब लावायचे. दर शुक्रवारी नमाजहून आले की बारीक कात्रीनं वाढलेली फांदी छाटायचे, कारण दाटी झाली की आतले घोस गुदमरतात असं वहीत होतं. छाटलेलं एकदा शेजारच्या बकरीला घातलं, तर तिनं हुंगून तोंड फिरवलं. त्या दिवशी ख्वाजाभाई हसले. दोन वर्षांत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

गेल्या फाल्गुनात आमिनाभाभींच्या भाचीचं लग्न परभणीला निघालं. अलमास गेल्यापासून ही दोघं कुणाच्या कार्याला गेली नव्हती. मीच मागं लागलो. तीन दिवसांचा तर प्रश्न, मी बघतो टाकीकडं. ख्वाजाभाईंनी मला चार वेळा समजावून सांगितलं. मी चिडलो. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला पाणी ओतायला शिकवता काय, असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली. चार तासांनी आली तशी पंपानं तळाचा सगळा गाळ उडवला आणि पाणी गढूळ झालं. आता आमच्या गावात गढूळ पाणी दिसलं की हात कुठं जातो? तुरटीकडं. टँकरचं पाणी असो नाहीतर नळाचं, हौदात तुरटीचा खडा फिरवायचा आणि गाळ खाली बसू द्यायचा. माझी आई हेच करायची, मीही करतो. घरून खडा आणला आणि हौदात फिरवतो तेवढाच वेळ टाकीत फिरवला. संध्याकाळी पाणी आरशासारखं झालं. परत आल्यावर ख्वाजाभाई खूश होतील म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोस पांढरे पडले होते. हिरवेपणा सगळा पाण्यात उतरला होता आणि मण्यांची नुसती टरफलं राहिली होती. तुरटीनं पाणी आंबट होतं आणि पाण्यातलं झाडाचं खतही खाली बसतं. हे मला ठाऊक होतं. मी ते फळ्यावर लिहिलेलं आहे.

ख्वाजाभाई आले, टाकीसमोर उभे राहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी वही काढली आणि एक पान माझ्यापुढं धरलं. अलमासचं अक्षर मी लगेच ओळखलं. 'ही वनस्पती कधी कधी एका दिवसात पांढरी पडते. घाबरू नका अब्बा. ती आपलं बी पाण्यात सोडून देते.'

"लिहून ठिवलंय बगा पोरीनं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "बी सोडलंय म्हनं. उगवंल आता."

मी गप्प बसलो. भेकडपणा केला, दुसरा शब्द नाही.

चार महिने त्या रिकाम्या टाकीवर ट्यूब जळत होती. पंप चालू होता. आमिनाभाभी रोज रेघेपर्यंत पाणी भरत होत्या. ख्वाजाभाई चष्मा लावून काचेला नाक टेकायचे आणि एखादा हिरवा ठिपका दिसला की मला हाक मारायचे. तो ठिपका साध्या शेवाळाचा असायचा. "किती दिस लागतेत हो सर, बी उगवायला?" ते विचारायचे.

गेल्या रविवारी मी त्यांच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. तुरटीचा खडा, गढूळ पाणी, सगळं. ते हातातली तांब्याची तार गुंडाळत राहिले. मोटार पूर्ण भरून झाली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"तुमी कशाला सांगितलंत सर?" ते म्हणाले. "मी वाट बगत हुतो की."

मी माफी मागायला गेलो होतो. आता ती कशाची मागायची, तेच मला कळेना. चार महिने पोटात ठेवलेलं मी बाहेर काढलं होतं आणि माझा जीव तेवढा हलका झाला होता. त्यांच्याकडं होतं नव्हतं तेवढं मी दुसऱ्यांदा नेलं होतं.

दुकान बंद करून आम्ही बरोबरच घरी आलो. आमिनाभाभी जार घेऊन टाकीपाशी उभ्या होत्या. त्या दिवशी जारवाला उशिरा आला होता, म्हणून पाणी भरायचं राहिलं होतं.

"ह्या कोपऱ्यात जरा हिरवं दिसायलंय," त्या म्हणाल्या. "खरंच हाय, का माझी नजर फसतीय?"

ख्वाजाभाईंनी माझ्याकडं बघितलं. मग चष्मा लावला, वाकले आणि बराच वेळ त्या कोपऱ्याकडं बघत राहिले.

"हाय," ते म्हणाले. "रेघेपर्यंत भर."