खुर्चीची शेवटची खाच

तर फुटलेल्या कपाची गोष्ट काल अर्धीच सांगायची राहिली. कप फुटला की माणूस आधी केर काढतो. आमचे थांबाजरा दोन्ही हात पाठीमागे बांधून तुकड्यांभोवती फेऱ्या घालत होते. शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "मीच फोडला! आता पंचनामा आवरा, चहा गार होतोय."

पडलेलं विमान का पडलं हे शोधायचं, ही त्यांची नोकरी. कुणी घाईनं बोट दाखवलं की "थांबा जरा" म्हणायचे, म्हणून कचेरीत तेच नाव पडलं.

विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेचं छोटं विमान उडालं, नाक वर करत गेलं आणि कोसळलं. शिकणारी मुलगी आणि तिचे शिक्षक, दोघंही गेले. शाळेचे मालक सांगत सुटले, "पोरगी घाबरली, नाक वर करायचा दांडा ओढून बसली." मुलीचे वडील शिंपी. कचेरीत येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, मला त्या सरांच्या घरी भेटायला जायचंय. पण माझ्या पोरीमुळे गेले का ते?"

"थांबा जरा," हे म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते खुपलं.

इंजिन पाहिलं, तारा पाहिल्या. मुलीची खुर्ची रुळावर मागे घसरलेली होती. आपटल्यानं घसरली असेल, म्हणाले. खुर्ची जागेवर धरणारी खीळ रुळाच्या मधल्या खाचेत घालून पाहिली, टक्‌कन बसली.

रविवारी बायको गाडी चालवायला बसली आणि करवादली, "दर वेळी खुर्ची मागे नेऊन ठेवता! सगळं जग तुमच्यासारखं ताडमाड आहे का?" तिनं खुर्ची पार पुढच्या टोकाला ओढली.

हे त्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "गाडी कचेरीकडे घे."

"आणि भाजी?"

"थांब जरा."

मुलगी बुटकी. तिची खाच अगदी पुढची, शेवटची. मागच्या सीटवर चढताना लोक खुर्ची तिथवरच ढकलायचे, म्हणून ती झिजून गुळगुळीत झालेली. कचेरीत त्यांनी खीळ त्या खाचेत घालून पाहिली, तर बसल्यासारखी वाटायची आणि जोर आला की निसटायची. विमानाचं नाक उचललं तशी खुर्ची मागे घसरली, हातातला दांडाही तिच्याबरोबर ओढला गेला आणि नाक आणखीच वर गेलं. सरांना सावरता येईल इतकं विमान जमिनीपासून उंच गेलंच नव्हतं. शाळेचा मेकॅनिकही ताडमाडच. तोही मधली खाच तपासूनच समाधानी.

थांबाजरा स्वतः शिंप्याच्या दुकानात गेले. त्यांनी स्टूल पुढे केलं. यांनी आधी ते हलवून पाहिलं. एवढ्या दुःखातही शिंप्याला हसू फुटलं. "पक्कं आहे, साहेब. बसा, आणि सांगा."

"नाही हो, तुमच्या पोरीमुळे नाही. तिनं खुर्ची आपल्या मापाला ओढली, कुणीही ओढेल. आम्हा लांब तंगड्यांच्या माणसांनी ती खाच कधी बघितलीच नाही. जा तुम्ही सरांच्या घरी; हवं तर मी येतो सोबत."