भॉयदी

आमच्या ऑफिसला लिफ्ट होती, तरी भॉयदी रोज चार मजले जिने चढून यायच्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, खांद्याला जड पिशवी. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून त्या दम खात उभ्या असायच्या, आणि आम्ही तरुण मंडळी लिफ्टच्या जाळीतून त्यांना हात हलवत वर जायचो. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत मी न राहवून विचारलं, "ताई, लिफ्टची भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "वाटते तर! अरे, मी स्वतः यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते. ते लिहिणारी माणसं कशी असतात, हे मला चांगलं ठाऊक आहे."

त्यांचं खरं नाव मंदाकिनी. ऑफिसातल्या बंगाली मंडळींनी तोंडावर त्यांची मंदादी केली होती आणि पाठीमागे भॉयदी. बंगालीत भयाला भॉय म्हणतात आणि ताईला दी. वडील खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला म्हणून कोलकात्यात आले ते इथलेच झाले. ताईंचा जन्म बागबाजारचा. बंगाली इतकं अस्खलित बोलायच्या की भाजीवाल्याला त्या मराठी असल्याचं पटायचं नाही. मराठी मात्र आईकडून जशी मिळाली तशीच जपलेली. माझे वडील बँकेच्या बदलीने इथे आलेले, माझं शिक्षण इथलं, त्यामुळे माझी मराठी धेडगुजरी. त्या अख्ख्या मजल्यावर मला 'अरे' म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते मला फार आवडायचं.

सॉल्ट लेकमधली आमची कंपनी छोटी. आम्ही इस्पितळांसाठी औषधाचे पंप करायचो. खाटेशेजारी उभं असतं ते यंत्र: त्यात औषधाची सिरिंज बसवतात, मोटर तिचा दट्ट्या अगदी सावकाश पुढे ढकलते, आणि नळीतून थेंब थेंब औषध माणसाच्या शिरेत जातं. त्या मोटरशी बोलणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या पंपाचा ड्रायव्हर भॉयदींनी लिहिलेला होता. मालकांना त्याचा अभिमान होता, आम्हाला होता, भॉयदींना मात्र त्याची धास्ती होती. जेवताना कुठूनही पंपाच्या धोक्याच्या घंटीसारखं बारीक पीं पीं ऐकू आलं की त्यांचा घास हातातच राहायचा. एकदा ती शुभोच्या मोबाइलची घंटी निघाली, आणि शुभोने तीच घंटी मुद्दाम ठेवून दिली.

हा शुभो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. हुशार, उतावळा, तोंडाने सैल. नवीन काही जमलं की खुर्ची मागे सारून ओरडायचा, "मंदादी, चोलछे!" म्हणजे चालतंय. भॉयदी चष्मा कपाळावर चढवून येत आणि दर वेळी तोच प्रश्न विचारत. "चालतंय ते दिसतंच आहे. थांबतंय का?" आम्ही त्यांची नक्कलही करायचो. चहा संपला की कोणीतरी किटली पालथी धरून म्हणायचं, "थांबतोय का?"

मी एकदा विचारलं, "ताई, एवढं घाबरायचं कशासाठी?" त्यांना प्रश्नच कळला नसावा. मग म्हणाल्या, "अरे, नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो."

मग ते प्रोसेसरचं प्रकरण आलं. आमच्या पंपात दोन कोअरचा प्रोसेसर होता. दोन कोअर म्हणजे दोन कामं खरोखरच एका वेळी चालतात, एका ओट्याशी दोघीजणी उभ्या असाव्यात तशी. तो प्रोसेसर मिळेनासा झाला. जो मिळत होता त्यात एकच कोअर. भॉयदींचा ड्रायव्हर आता एका कोअरवर चालवायचा होता आणि हे काम शुभोकडे आणि माझ्याकडे आलं. भॉयदी ते तपासणार होत्या. हावड्याच्या एका इस्पितळाला पंप हवे होते, मालक रोज दारातून डोकावून विचारायचे, आणि भॉयदींचा चेहरा दिवसेंदिवस ओढल्यासारखा होत चालला होता.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. यंत्राला एक केबल जोडून ठेवायची, म्हणजे ते आत काय काय करतंय हे आपल्या कॉम्प्युटरवर ओळीओळीने सांगत राहतं. केबलशिवाय काम करणं म्हणजे डोळे बांधून स्वयंपाक करणं. आम्ही सगळ्या चाचण्या तशाच केल्या. पंप चालला. थांबला. पुन्हा चालला, पुन्हा थांबला. शुभो खुर्ची मागे सारून ओरडला. खाली गाडी येऊन उभी राहिली, खोकी भरायला घेतली, आणि मालक मिठाई घेऊन आले.

भॉयदींनी मिठाई बाजूला ठेवली. एका पंपात पाण्याने भरलेली सिरिंज बसवली आणि नळीचं टोक आपल्या स्टीलच्या पेल्यात सोडलं. टप टप आवाज येऊ लागला. मग केबलकडे बोट दाखवून विचारलं, "ही रुग्णाच्या खाटेपाशी असणार आहे का?" शुभो हसला. "ना, मंदादी." त्यांनी केबल उपसून काढली आणि थांबा हे बटण दाबलं.

पेल्यातली टपटप चालूच राहिली.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग मी दाबलं, मग शुभोने अंगठ्याने जोर लावून दाबलं. पडद्यावरचे आकडे गोठले होते, बटणं मेली होती, पण मोटर दट्ट्याला पुढे रेटतच होती. भॉयदींनी झटकन ती नळी दुमडली आणि मुठीत घट्ट आवळून धरली. नळीच्या पलीकडे पेला होता आणि पेल्यात पाणी होतं, हे त्यांनाही दिसत होतं. तरी त्यांनी मूठ सोडली नाही. शेवटी शुभोने पंपाची विजेची वायर ओढून यंत्र बंद केलं, तेव्हा मी त्यांची बोटं एकेक करून उघडली.

कारण सापडलं. थांबण्याचा हुकूम आला की ड्रायव्हरमधलं एक काम दुसऱ्या कामाला 'मोटर बंद कर' असं सांगायचं आणि ते झालं का, झालं का, असं विचारत तिथेच ठाण मांडायचं. दोन कोअर असताना दुसरं काम शेजारी सुखाने उरकायचं. आता कोअर एकच, आणि तो विचारणाऱ्यानेच अडवलेला. दुसऱ्याची पाळी येणार कधी? केबल असताना मात्र प्रत्येक ओळ पाठवताना प्रोसेसर जरासा अडखळायचा आणि तेवढ्या फटीत ते दुसरं काम होऊन जायचं. आमच्या केबलनेच आमच्यापासून ते लपवलं होतं. अडकलेल्या यंत्राला झोपेतून उठवणारी सोय पंपात होती, पण ती फक्त यंत्राचं आतलं घड्याळ चालतंय ना एवढंच बघायची, आणि घड्याळ तर व्यवस्थित चालू होतं, मोटरही त्याच्याच ठेक्यावर.

मालक आमच्या दोघांकडे रागाने वळले, तेव्हा भॉयदी मध्ये आल्या. "ती ओळ माझी आहे. या मुलांनी तिला हातही लावलेला नाही." एवढं बोलून त्या खाली बसल्या. खोकी परत वर आली, रिकामी गाडी गेली. नंतर माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी ती ओळ माझ्याकडून बदलून घेतली. सांगून ठेवलेलं काम पुरं होईपर्यंत विचारणाऱ्याने स्वस्थ झोपायचं, झालं की दुसऱ्याने त्याला उठवायचं, अशी. "वाट बघायची तर बाजूला होऊन बघावी रे," त्या म्हणाल्या. "दारात उभं राहून वाट बघितली, तर येणारा आत येणार कसा?" त्यानंतर कितीतरी दिवस सगळे पंप केबलशिवाय पाण्यावर चालत राहिले, आणि भॉयदी पेल्याशेजारी बसून ऐकत राहिल्या. हावड्याला गेले तेव्हा ते पंप बिनचूक होते. पण त्या दिवसापासून त्यांची भीती मला लागली, ती कायमची. शुभोने मोबाइलची घंटी बदलली.

त्या निवृत्त झाल्या, आणि पुढे काही वर्षांनी त्यांच्या हृदयाने असहकार पुकारला. हावड्याच्याच एका इस्पितळात त्यांना ठेवलं. भाऊ मुंबईला, तो येईपर्यंत माणूस हवं म्हणून मी जाऊन बसलो. आत पाऊल टाकलं आणि खाटेशेजारी आमचा पंप दिसला. हजार माणसांच्या उशाशी तो उभा असेल याचा मला अभिमान वाटायचा, आणि या एका उशाशी तो बघून माझी नजर आधी त्याच्या थांबा या बटणावर गेली.

भॉयदींनी डोळे उघडले. "मला लिफ्टने वर आणलं रे," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून घेतले होते." मग मान किंचित पंपाकडे वळवली. "एक कोअर की दोन?"

"एक, ताई."

"केबल?"

"नाही लावलेली."

"थांबतोय का?"

आता त्याने थांबून चालणार नव्हतं ना. मी म्हटलं, "चालतोय, ताई. चालू दे." त्या हसल्या. ज्या माणसाने जन्मभर यंत्र थांबतं का याची काळजी वाहिली, त्याला मी हे सांगत होतो. सिस्टर सिरिंज बदलायला आली आणि तिने बटण दाबलं की माझा हात आपोआप नळीपाशी जायचा. तिला माझा राग यायचा. भॉयदींना ते कळायचं, आणि त्या डोळे मिटून पडून राहायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास बिघडला. मला खोलीबाहेर काढलं, पण मी लांब गेलो नाही, चौकट धरून तिथेच उभा राहिलो. आत डॉक्टर वाकलेले होते, पाठींच्या मधून फक्त पंपाचा हिरवा दिवा दिसत होता. त्या दिव्याकडे बघत मी मनात म्हणत होतो, चालू राहा, चालू राहा. बऱ्याच वेळाने डॉक्टर सरळ उभे राहिले. मागून सिस्टर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, दोरजा छेडे दाँडान."

मी दारातून बाजूला झालो. ती आत गेली आणि तिने थांबा हे बटण दाबलं. एकदाच. पंप लगेच थांबला.