खंडेनवमीला तुटलेली पिन

क्षिप्रेकाठच्या आमच्या जिल्ह्याच्या पूरबचाव पथकात मी एकोणीस वर्षं ड्रायव्हर होते. रँक नायक. फौज नव्हती, पण वर्दी खाकी होती. परेड सकाळी सहाला. उशीर झाला तर मैदानाला पाच चक्कर. माझं शिक्षण चौथीपर्यंत. भरतीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय येतं? मी म्हणाले, ट्रॅक्टर चालवता येतो. घेतलं.

मला फौजेने निकालात काढलेली फोर बाय फोर गाडी दिली. आम्ही तिला भैंस म्हणायचो, कारण पाण्यात घातली तरी बंद पडत नसे. पुढच्या बंपरवर विंच होता. विंच म्हणजे पोलादी तार गुंडाळून ओझं ओढणारा ड्रम. तो इंजिनावर चालायचा. त्यात बोटाएवढी एक मऊ पिन असे. झेपेल त्याहून जास्त ओढ बसली की ती पिन तुटते आणि ड्रम फिरायचा थांबतो. तार तुटून माणूस कापला जाऊ नये म्हणून ही सोय. नवी पिन घालायला अर्धं मिनिट लागतं. जादा पिना टूलबॉक्समध्ये आणि टूलबॉक्स गाडीत, असा नियम होता.

गेंदाबाई माझी जोडीदार. हुक घेऊन पाण्यात उतरायचं काम तिचं. ती तराणा गावाकडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला जीजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची आणि दिवसभर माझी टर उडवायची.

त्या वर्षी पावसाळ्याआधी प्लाटून कमांडर साहेबांनी दोघींना बोलावलं. म्हणाले, “गाडी जुनी झाली. बॅटरीवर चालणारा नवीन विंच बसवता येईल. त्यात पिनेची भानगड नाही. बोला.”

मी म्हणाले, “नको साहेब. पाण्यात बॅटरीचा भरोसा नाही. ही पिन तुटते, पण तुटून सांगते तरी.”

“गेंदाबाई?”

“साब, भैंस इनकी, दूध इनका. मैं तो पूँछ पकड़ के चलती हूँ.”

साहेब हसले. फाइल बंद केली. जुना विंच राहिला.

त्या साली पाऊस लांबला. खंडेनवमीपर्यंत टिकला. आमच्या घरी त्या दिवशी औजारं पुजतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत. माझे वडील त्या दिवशी साधा पाना हातात घेत नसत. पथकात खंडेनवमी पाळणारी मी एकटीच. बाकीचे दशहऱ्याला गाडीला हार घालत, तेवढंच. सकाळी दहाला मी गॅरेजमध्ये पाट मांडला. टूलबॉक्स उतरवला. पाने, जॅक, पिनांची डबी ओळीने ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. गेंदाबाईने फुलं आणून दिली.

“औजारों की तो छुट्टी हो गई, जीजी. अपनी कब होगी?”

“तेरी मरने के बाद,” मी म्हणाले.

एक वाजून वीस मिनिटांनी वायरलेस आला.

“कंट्रोल टू रेस्क्यू वन. रपट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली अडकली आहे. सहा माणसं. पाणी चढतंय. ओव्हर.”

“रेस्क्यू वन. निघालो. आउट.”

रपटा म्हणजे नाल्यावरचा बिनकठड्याचा ठेंगणा पूल. तो नाला पुढे क्षिप्रेला मिळतो. टूलबॉक्स पाटावर होता. मला दिसला. उचलायला काही वेळ लागला नसता. पण पूजा मोडायची नव्हती आणि पिन दोन वर्षांत तुटली नव्हती. मी गाडी काढली. गेंदाबाईनेही पाटाकडे पाहिलं होतं. ती शेजारी येऊन बसली.

एक पन्नासला पोचलो. साहेब दुसऱ्या गाडीने मागून येत होते. ट्रॉली रपट्याच्या मधोमध आडवी झाली होती. ट्रॅक्टर वाहून गेला होता. गेंदाबाई कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यातून गेली. दोन वाजून पाच मिनिटांनी तिने ट्रॉलीला हुक लावला आणि हात वर केला. मी विंच चालू केला. ट्रॉली दहा फूट सरकली. मग तिचं चाक रपट्याच्या कडेत अडकलं. खट्ट आवाज झाला. ड्रम थांबला.

गेंदाबाईने माझ्याकडे पाहिलं.

“तार तान के रख, जीजी! मैं एक-एक को भेजती हूँ.”

मी ड्रमचा ब्रेक लावला आणि गाडी रिव्हर्समध्ये रेटून तार ताठ ठेवली. ट्रॉली ओढायला गेले तर चाकं चिखलात नुसती फिरत. सीटखाली एक खिळा सापडला. तो पिनेच्या जागी घातला. पहिल्याच झटक्याला वाकला. पाच माणसं तार धरून काठाला आली. सहावी चार वर्षांची मुलगी. तिला तार धरता येईना. गेंदाबाईने स्वतःच्या कमरेचा दोर सोडून तिला बांधला. मी दोर ओढून मुलीला बाहेर काढलं.

ती तार धरून निघायच्या आत, दोन चाळीसला ट्रॉली उलटली. तोपर्यंत गेंदाबाई मला दिसत होती.

साहेब दोन पंचावन्नला आले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेंदाबाई नाल्यात खाली बाभळीत अडकलेली सापडली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, “स्पेअर पिना?” मी म्हणाले, “गाडीत नव्हत्या.” का नव्हत्या, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गाडी जुनी, विंच निकामी, असं लिहिलं गेलं. मी सही केली. गाडी मनहूस, अपशकुनी ठरली आणि गॅरेजच्या मागे उभी राहिली.

मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. अजून कुठेही खट्ट वाजलं की माझा पाय ब्रेक शोधतो. गेंदाबाई स्वप्नात येत नाही. जागेपणी येते. हात वर करते आणि माझ्याकडे पाहते.

गेल्या महिन्यात पथकाची नवी कमांडर टावर चौकामागे माझ्या घरी आली. तिशीची मराठी मुलगी.

“आजी, भैंसचा फैसला करायचाय. इंजिन अजून बढिया आहे. नवीन गाडी मिळेपर्यंत दोन पावसाळे जातील. पण पोरी तिच्यात बसतच नाहीत. म्हणतात, या विंचने बाई खाल्ली. नवीन विंच लावून गाडी ठेवू की भंगारात देऊ?”

मी भंगार म्हणाले असते तर विषय मिटला असता. दोन पावसाळे पथक गाडीविना काठावर उभं राहिलं असतं.

“विंचने नाही,” मी म्हणाले. “मी.” आणि पाटापासून सगळं सांगितलं.

तिने चहा खाली ठेवला. “आजी, हे लिहिलं तर तुमचं नाव खराब होईल.”

“लिही. पोरींना वाचून दाखव. मग विंच नवा लाव. आणि गाडीतून काही उतरवू देऊ नकोस. देवासाठीसुद्धा नाही.”

तिने दोन पानं लिहिली. मी बोट ठेवून वाचली. एका ठिकाणी ‘अनवधानाने’ असं होतं. तो शब्द खोडायला लावला. सही केली.

मग रिक्षाने देवास गेटला गेले. गेंदाबाईच्या मुलाचं तिथे बांगड्यांचं दुकान आहे. आई गेली तेव्हा तो सातवीत होता. त्यालाही तेच सांगितलं. तो बराच वेळ बांगड्यांचे डबे सरळ करत राहिला. मग म्हणाला, “अम्मा को मालूम था, पिन नहीं है?”

“मालूम था.”

“फिर भी उतरी?”

“लोग थे ट्रॉली में,” मी म्हणाले. “हुक का काम उसका था.”