सोबत कोण आहे?

निवृत्तीनंतर कसबा पेठ सोडून मी धायरीत फ्लॅट घेतला. इथे कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही, असं बिल्डरने अभिमानाने सांगितलं होतं. बायको गेल्यावर त्याच्या शब्दाची खात्री पटली.

समोर इमारत उठत होती. तिथल्या पत्र्याच्या खोलीत छत्तीसगडचं एक मजूर जोडपं राहायचं. तिला आठवा महिना. पाय सुजलेले, डोकं सारखं दुखायचं. दवाखाना सकाळचा, आणि सकाळी दोघंही कामावर. अखेर मजुरांसाठी संध्याकाळचा दवाखाना निघाला. नेमका त्याच दिवशी साइटवर स्लॅब ओतला जात होता. तो मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे नवरा अडकला. डोक्यावरचा पदर सावरत ती आमच्या फाटकाशी आली. “बाबूजी, साथ चलेंगे?” मला संध्याकाळी काही काम नसतं, हे तिने समोरून पाहिलं असणार.

दवाखान्यात उद्घाटन चाललं होतं. शाली, नारळ. हे शहर कुणालाच परकं मानत नाही, असं पाहुणे सांगत होते. पेशंट बाहेर पायऱ्यांवर. रक्तदाबाच्या यंत्राला झेंडूचा हार.

“अहो, पूजा आटोपली असेल तर यंत्र वापरता येईल का?” मी नर्सबाईंना विचारलं.

त्यांनी हसत हार काढला, पट्टा बांधला, आणि हसू थांबलं. “प्रेशर फार आहे. बाळालाही धोका आहे. आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात न्या. सोबत कोण आहे?”

“मी.”

“नातं?”

“समोर राहतो.”

“आजोबा, तिथे घरचं माणूस मागतात. नाहीतर बसवून ठेवतील.”

ते मला ठाऊक होतं. सोबत कुणी नाही म्हणून माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन रखडलं होतं.

“वडील लिहा,” मी म्हटलं.

रिक्षात बसल्यावर तिने पदर डोक्यावरून खाली घेतला. त्यांच्याकडे बापासमोर डोकं झाकत नाहीत, हे पुढे तिच्या नवऱ्याने सांगितलं.

त्या रात्री दाखल करून घेतलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काही दिवसांनी ते गावी गेले आणि खोलीचे पत्रे टेम्पोत चढले.

परवा पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “सोबत कोण आहे?”

“मुलगी आहे,” मी म्हटलं. “पण गावाला गेलीय.”

“मग ती आली की या.”